शेळ्यांचा ताप, माझ्या मणक्यात

तुमच्या हातात नुकताच रिपोर्ट पडला असेल, तर आधी खाली बसा. मी बसले नव्हते. दवाखान्याच्या पायरीवर उभ्याउभ्याच पर्समधून पेन काढलं आणि रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला कामं लिहायला घेतली. रजेचा अर्ज. आईला फोन. गॅसचा नंबर लावणे. पुढचं काम सुचेना. पेन तसंच हातात राहिलं.

बहुतेकांना या आजाराचं नाव वाचता येत नाही. मला ते वाचता येत होतं, हीच अडचण होती.

मी बीदरला जनावरांच्या कॉलेजात, शेळ्यांच्या खाद्य विभागात काम करते. नेहमीच्या पेंडीऐवजी शेवग्याचा पाला, तुरीचं भूस, पाण्यावर वाढणारा अझोला असं काही दिलं तर शेळी कशी वाढते, ते आम्ही बघतो. सकाळी खाद्य तोलून घालायचं, दुसऱ्या दिवशी गव्हाणीत उरलेलं तोलून काढायचं. याच शेळ्यांचं रक्त दरवर्षी ब्रुसेलासाठी तपासायला जातं. हा रोग असलेली शेळी गाभडते, म्हणजे दिवस भरायच्या आत मेलेलं करडू टाकते. अशी शेळी कळपातून काढून टाकतात. काढून टाकतात म्हणजे काय करतात, तेही मला माहीत आहे. रक्ताच्या नळ्यांवर नंबर मीच घालते.

आता ते नाव माझ्या नावासमोर छापलेलं होतं.

त्याआधी

संध्याकाळ झाली की ताप चढायचा. सकाळी अंग घामानं भिजलेलं, पण ताप नाही, म्हणून मी कामावर जायची. आधी टायफॉइडची औषधं झाली, मग नुसत्या तापाच्या गोळ्या. पुढं पाठ धरली. खाली वाकून चप्पल घालता येईना. बीदरच्या डॉक्टरांनी मणक्याचा फोटो बराच वेळ उजेडासमोर धरला आणि विचारलं की मी काम कुठं करते. मी सांगितल्यावर त्यांनी फोटो खाली ठेवला.

मणक्याच्या दोन हाडांमध्ये रोग जाऊन बसला होता आणि तिथं पू धरला होता. पायात मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, लघवीवरचा ताबा गेला, तर एक तासही थांबायचं नाही, लगेच यायचं, असं त्यांनी बजावलं. त्या दिवसापासून डोळे उघडले की आधी पायाची बोटं हलवून बघायची, मग उठायचं. ही सवय अजून गेलेली नाही.

कॉलेजात एकच धांदल उडाली. सगळ्या कळपाचं रक्त पुन्हा तपासलं. एकाही शेळीत रोग निघाला नाही. सगळ्यांना हायसं वाटलं, मला मात्र जास्तच भीती वाटली. कळपातून नाही, तर मग कुठून?

दोन गट

मला कलबुर्गीला एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. मणक्यात हा रोग गेलेल्या पेशंटांवर तिथं एक चाचणी चालू होती. नेहमीची औषधं सगळ्यांनाच. त्याशिवाय निम्म्या लोकांना एक नवी कॅप्सूल, आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी, आत औषध नसलेली. कुणाला कुठली हे चिठ्ठीवर ठरतं आणि ते डॉक्टरांनाही सांगितलं जात नाही.

मी कागद वाचला, शंका विचारल्या आणि सही करायला पेन मागितलं. माझा नवरा शिवराज बीदरजवळच्या कमठाण्याच्या हायस्कुलात शिक्षक आहे. घरी तो कधी आवाज चढवत नाही. तिथं मात्र तो सगळ्यांसमोर म्हणाला, "शेळ्यांवर करताव तेच आता तुझ्यावर करणार, आन् तू वर सही करायलीस?"

मी त्याला शांतपणे समजावलं. आमच्याकडे जुन्या खाद्याच्या गटातली शेळी काही उपाशी राहत नाही, तिला तिचं नेहमीचं मिळतंच. मलाही नेहमीचं औषध मिळणारच होतं. वर आणखी काही मिळालं तर बरंच. मला हे सगळं पटलेलं होतं. सही केली.

पण वॉर्डात माझ्या मनगटावर नंबराची पट्टी बांधली, तेव्हा मला माझ्या शेळ्याच आठवल्या. आमची चाचणी संपली की दोन्ही गटांतल्या काही शेळ्या कापून बघतात, आतून काय फरक पडला ते कळावं म्हणून. माझं असं काही होणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी ती पट्टी बाहीखाली सरकवून ठेवायची.

वॉर्ड

सकाळी रक्त, मग इंजेक्शन, मग नाश्ता, मग डॉक्टरांची फेरी. मला ठरलेल्या गोष्टी आवडतात, त्यामुळे सकाळ बरी जायची. दुपार सरली की भीती वाटायला लागायची, कारण ताप संध्याकाळी यायचा. नर्सनं थर्मामीटर काढला की आकडा सांगायच्या आधीच मी तिचा चेहरा वाचायची.

शेजारच्या कॉटवर मादन हिप्परग्याच्या मल्लम्मा होत्या, आळंदकडच्या. घरची मेंढरं. आजार हाच, गट माहीत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी कॅप्सूल मागून घेतली, स्वतःची तळहातावर शेजारी ठेवली आणि दोन्ही उलटसुलट करून बघितल्या.

"ह्यातली खरी कोणची गं, अक्का?"

मी सांगितलं की मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही.

"डाक्टरला बी न्हाई? मग देवाला तरी सांगितलंय का न्हाई कुणी?"

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, पाठीत कळ येईपर्यंत. मल्लम्मांच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी यायची. त्या मोडून अर्धी मला द्यायच्या. तापामुळं जिभेला चव नव्हती, पण ती चटणी मात्र लागायची. आजारपणातल्या चांगल्या गोष्टी आठवायला बसले की पहिल्यांदा तीच भाकरी आठवते.

ताप उतरला. पाठ थोडी हलकी झाली. गोळ्या आणि कॅप्सूल घेऊन घरी जायची परवानगी मिळाली. निघताना डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बजावलं की चाचणी पूर्ण होईपर्यंत बाहेरचं कसलंही औषध, काढा, चूर्ण, टॉनिक घ्यायचं नाही. ताप परत आला तर मात्र चाचणी बाजूला ठेवून ऑपरेशनचा विचार करावा लागेल. ऑपरेशन मणक्याचं. त्यात पायांचं काय होईल, ते मी विचारलं नाही.

घरी

माझी आई, आमची अव्वा, कमठाण्याचं घर बंद करून माझ्यासाठी बीदरला राहायला आली होती. तिची एकुलती एक शेळी, चंद्री, शेजारणीच्या गोठ्यात ठेवली होती. मी फ्रिजवर मोठ्या अक्षरात यादी चिकटवली. गोळ्यांच्या वेळा. ताप मोजायच्या वेळा. बाहेरचं औषध नाही. दूध उकळूनच. शिवराजनं ती अव्वाला वाचून दाखवली. तिनं मान डोलावली आणि त्याप्रमाणे वागलीही. पिशवीचं दूध ती इतकं उकळायची की साय भाकरीएवढी जाड यायची.

रोज सकाळी मला ज्वारीची आंबील मिळायची. शिजवून, गार करून, वर जिरं आणि मीठ. उलटी होईल असं वाटतानाही ती पोटात राहायची. मी कॉटवर टेकून प्यायची आणि अव्वा पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही. लहानपणानंतर कुणी माझ्या खाण्यावर अशी नजर ठेवली नव्हती. मला ते आवडत होतं.

मी बरी होत होते. चार पावलं जास्त चालत होते. दाराशी जाऊन भाजी घेतली, त्या दिवशी सगळ्यांना फोन करून सांगितलं.

मग एका संध्याकाळी पाय गार पडले आणि अंगावर काटा आला. ताप बघितला. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्यानं बघितला.

परत

त्यानंतरचे दिवस मला लिहायला जड जातात. मी सगळं बरोबर केलं होतं. एक गोळी चुकली नव्हती. तरी ताप येत होता, आणि पाठीत तीच जुनी जागा ठणकायला लागली होती. म्हणजे औषध चालत नव्हतं. म्हणजे माझी कॅप्सूल रिकामी होती. नाहीतर त्याहून वाईट, कॅप्सूल खरी होती आणि तीही चालत नव्हती. विचार इथं येऊन अडायचा आणि मग मी पायाची बोटं हलवायची.

शिवराजनं गाडी ठरवली. दुसऱ्या दिवशी कलबुर्गी. मी पिशवी भरली आणि ऑपरेशन झालंच तर लागेल म्हणून तिच्यात जास्तीचे कपडे ठेवले. ते ठेवताना अव्वानं पाहिलं.

त्याच दुपारी कॉलेजातले रेवप्पा भेटायला आले. ते आमच्या शेळ्यांची निगा राखतात. अव्वानं त्यांना चहा दिला आणि समोर बसून आपलं गाऱ्हाणं सुरू केलं. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते.

चंद्रीचं दूध आटायला लागलं होतं. गुडघे सुजले होते. मागच्या खेपेला ती गाभडली होती, यंदा व्याली पण करडू अशक्त, जगलं नाही. "तुमच्या कालेजात नवं खाद्य काढलंय म्हणं," अव्वा म्हणाली. "आमच्या चंद्रीला जरा द्या की. दूध आटून चालायचं न्हाई."

रेवप्पांच्या कपबशीचा आवाज थांबला.

मी पलंगाची कड धरून उठले आणि दारात आले. मी विचारलं, चंद्री आता दूध देते तरी किती.

"तुझ्यापुरतं देती की," अव्वा म्हणाली.

"माझ्यापुरतं म्हणजे?"

मग ती सरळ सांगत गेली. लपवण्यासारखं तिच्या मनात काही नव्हतंच. शेजारीण सकाळी धार काढायची, शाळेतून येताना शिवराज फिरकीच्या झाकणाच्या डब्यात दूध घेऊन यायचा, ते अव्वा फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी आंबील गार झाली की त्यात वरून वाटीभर घालायची. निरसंच. शेळी रानातल्या झाडून साऱ्या झाडांचा पाला खाते, म्हणून तिच्या दुधात साऱ्या झाडांचं औषध असतं, आणि चुलीवर चढवलं की ते मरतं. हे आमच्याकडे कुणालाही विचारा, सांगतील. ताप सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते, तेव्हाही ती मला अशीच आंबील देत होती.

मी फ्रिजकडे बोट केलं. तिथं लिहिलं होतं, बाहेरचं औषध नाही. लिहिलं होतं, दूध उकळून.

"ते पिशवीच्या दुधाचं हाय," अव्वा म्हणाली. "आन् दूध काय औषध हाय व्हय गं? अन्न हाय ते." मग माझं तोंड बघून तिचा आवाज उतरला. "कामून अशी बघायलीस? सुमे, मी तुला इख घालीन व्हय?"

रेवप्पांनी कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "मॅडम, मी आत्ताच कमठाण्याला जाऊन रगत काढतो तिचं."

कलबुर्गी

गाडीत शिवराज आणि अव्वा दोन खिडक्यांकडे तोंड करून बसले. त्याला वाटत होतं, दूध निरसं घालते हे तिनं सांगायला हवं होतं. तिला वाटत होतं डबा तर त्यानंच आणला. मी मधे बसले होते आणि मला दोघांचीही भीती वाटत होती. अव्वानं वाटेत खायला म्हणून डब्यात भात दिला होता. मी तो उघडला, आत बघितलं, पुन्हा बघितलं आणि झाकण लावलं. तिनं हे पाहिलं. आजारपणात मी अनेकदा घाबरले, पण आईच्या हातच्या डब्यात असं वाकून बघितलं, त्या क्षणी घाबरले तशी कधीच नाही.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील, चाचणीतून काढतील. बाहेरचं खाल्लेल्या शेळीचे आकडे बिघडतात, हे मी स्वतः कित्येक जणांना सुनावलेलं आहे. त्यांनी कधीपासून, किती, रोज का, एवढंच विचारलं आणि लिहून घेतलं. तुम्हाला काढणार नाही, जे घडलं ते घडलं तसं नोंदवणार, असं त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. औषध चालत नाही असं आता म्हणता येत नव्हतं. एका बाजूनं रोग मारला जात होता आणि दुसऱ्या बाजूनं रोज वाटीभर आत जात होता, असंही असू शकत होतं.

पुन्हा फोटो काढला. त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये मी डोळे मिटून पायाची बोटं हलवत राहिले. आतून आवाज आला की हलू नका. मग तेही थांबवावं लागलं.

पू वाढला नव्हता. ऑपरेशन नको. औषधं चालू, जास्त दिवस.

मी रडले. शिवराजही रडला. अव्वा बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती. तिला हे सांगायला गेले तर तिनं विचारलं, "पाय हायत न्हवं?" मी तिच्यासमोर दोन पावलं चालून दाखवलं.

चंद्री, आणि मग अव्वा

चंद्रीच्या रक्तात रोग निघाला. तिला घालवावं लागलं, खोल खड्डा काढून, चुना टाकून. रेवप्पांनी सगळं नीट केलं. अव्वा तिथं गेली नाही. घरी येऊन तिनं स्वयंपाकघरात पाय ठेवणंच सोडलं. चहासुद्धा शिवराज करायचा. तिनं एकदा पिशवी भरून दाराशी आणून ठेवली होती. मी ती उचलून आत नेली आणि तिनं पुन्हा बाहेर आणली नाही.

आता तिचं रक्त तपासायला हवं होतं. चंद्रीची दोन्ही बाळंतपणं तिनं उघड्या हातांनी केली होती. सांधे धरतात, अंग मोडून येतं, संध्याकाळी कणकण असते, अशी तिची तक्रार बरेच दिवस होती आणि आम्ही सगळे ते वयावर घालत होतो. ती आधी तयार होईना. मग एकदा आपणहूनच हात पुढं करून म्हणाली, शेळीचं काढलंत, तर माझं बी काढा.

निघाला. तिच्याही रक्तात होता. मणक्यात नव्हता, पण होता. तिला नेहमीची जुनी औषधं सुरू झाली, चाचणीबिचणी काही नाही. माझ्या गोळ्यांच्या यादीशेजारी मी तिची यादी लावली. वेळ झाली की तिच्या हातावर गोळ्या ठेवायची आणि पाण्याचा पेला द्यायची. ती उठून मोरीकडे जायची, चूळ भरायची. माझा ताप हळूहळू गेला. तिचा मात्र हटत नव्हता. मी तिच्या कपाळाला हात लावायची आणि लगेच थर्मामीटर आणायची. आता भीती तिच्यासाठी होती.

कॅप्सूल

माझी औषधं संपली, फोटो स्वच्छ आला, आणि पुढं चाचणी संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी बोलावून चिठ्ठी उघडल्याचं सांगितलं. माझी कॅप्सूल औषधाविना होती. मल्लम्मांची खरी होती. त्याही बऱ्या झाल्या होत्या. नव्या औषधानं किती फरक पडतो, ते सगळ्यांचं मिळून मोजल्यावर कळणार होतं, एकटीदुकटीवरून नाही. ते मला समजत होतं. तरीही एवढे दिवस रोज सकाळी जिच्याकडे मी देवाकडे बघावं तशी बघत होते, ती रिकामी होती.

घरी येऊन मी हे शिवराजला सांगितलं. तो चिडला. अव्वा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"रिकामी व्हती?" तिनं विचारलं. "मग तू बरी कशानं झालीस?"

मला वाटलं, आता ती दुधाचं नाव घेणार. मी जरा कडकच बोलले. म्हटलं, जुन्या गोळ्यांनी. तुला चालू आहेत त्याच.

ती चौकट सोडून पुढं आली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे माझ्या खऱ्या हायत?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वॉर्डातल्या गोष्टी मी हसत हसत घरी सांगितल्या होत्या, रिकाम्या कॅप्सुलीची, चिठ्ठीची, मल्लम्मांच्या देवाची. अव्वानं त्या सगळ्या ऐकल्या होत्या.

"मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला खरी कोण देतंय," ती म्हणाली. "शिकल्यासवरल्या लेकीची बी रिकामी असंल म्हणतेत, तर मला काय देणार? तोंड कडू कामून करून घ्यावं? मोरीत टाकीत व्हते."

शिवराज उठून बाहेर गेला. मला ओरडायचं होतं. मी तिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती, मी डब्यात वाकून बघितलं होतं तेव्हा बघत होती तशीच, आता काय होईल म्हणून घाबरून. मी ओरडले नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं. पहिल्यापासून पुन्हा सुरू करा, म्हणाले.

मी नवं पाकीट फोडलं. ती पलंगावर बसली होती. गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. तिनं त्या पालथ्या करून बघितल्या, बोटानं दाबल्या, मग तोंडात टाकल्या आणि वर पाणी प्यायली. मोरीकडे उठली नाही. माझ्याकडे तोंड वर करून तिनं ते उघडलं, जीभ उचलली आणि खाली काही उरलं नाही, हे मी बघेपर्यंत तसंच उघडं ठेवलं.